फाइल निघाली म्हणजे पार्ट तयार झाला, असं नाही

समजा, दापोली तालुक्यातल्या बुरोंडीच्या एखाद्या मच्छीमार नौकेसाठी जाळं ओढायच्या विंचची नवी बैठक बनवायची आहे. तिचं मॉडेल कॅडमध्ये तयार आहे: काही पत्रे, दोन शाफ्ट, बुश आणि मूठभर नट-बोल्ट. पत्रे लेझरवर कापायचे, शाफ्ट सीएनसी लेथवर करायचे, आणि काम जाणार भोसरीच्या वर्कशॉपमध्ये. मग एकेक पार्ट उघडा, बाजू निवडा, फाइल काढा, नाव द्या. डिझाइन बदललं की पुन्हा पहिल्यापासून. हा रटाळ भाग स्क्रिप्ट करू शकते. पण या ऑटोमेशनबद्दल काही समजुती पक्क्या रुजल्या आहेत. त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज १: हे चाकणच्या मोठ्या कंपन्यांचं काम, छोट्यांना परवडत नाही.

वस्तुस्थिती: सॉलिडवर्क्समध्ये मॅक्रो आणि इन्व्हेंटरमध्ये आयलॉजिक असतंच. फ्रीकॅड तर मोफत आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली आणि त्याला पायथॉनमधून हुकूम देता येतात. शिवाय फाइल काढायला मशिन शेजारी असावं लागत नाही; मशिन भोसरीत आणि मॉडेल करणारा बुरोंडीत, असं खुशाल चालतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आंबे उतरवायच्या नूतन झेल्यासारखी अवजारं वेगवेगळ्या ठिकाणच्या कारागिरांकडून करून घ्यायची, तर सगळ्यांकडे एकसारखी फाइल जाणं उलट जास्तच गरजेचं.

गैरसमज २: बटण दाबलं की मशिनवर चालणारा प्रोग्रामच निघतो.

वस्तुस्थिती: निघतो तो फक्त आकार. जॉब कुठे पकडायचा, झीरो कुठे घ्यायचा, कुठलं टूल, किती फीड, हे कॅम सॉफ्टवेअरमध्ये ठरतं. त्यानंतर पोस्ट प्रोसेसर फानुक किंवा सीमेन्ससारख्या त्या-त्या कंट्रोलरला समजेल असा जी-कोड बनवतो. स्क्रिप्टचं काम त्याआधीचं: असेंब्लीतून पार्ट गोळा करणं, बाजारात मिळणारे नट-बोल्ट वगळणं, सारखे पार्ट मोजून एकच फाइल काढणं आणि पत्र्याला एक, मशिनिंगच्या पार्टला दुसरा फॉरमॅट लावणं.

गैरसमज ३: फॉरमॅट कुठलाही चालतो, आकार तर तोच आहे.

वस्तुस्थिती: १९८७च्या सुमारास थ्रीडी प्रिंटिंगसाठी आलेला एसटीएल सगळा पृष्ठभाग त्रिकोणांत तोडतो. गोल भोक त्यात बहुकोनी होतं, आणि हे ड्रिलचं भोक आहे, हे कॅमला ओळखणं कठीण जातं. स्टेप फॉरमॅटमध्ये (आयएसओ १०३०३, पहिलं प्रकाशन १९९४) भोकाचा दंडगोल दंडगोलच राहतो. लेझरसाठी डीएक्सएफ चालतो, पण त्यातही आवृत्ती बघावी लागते. आर १२ या जुन्या आवृत्तीत स्प्लाइन नाही, त्यामुळे वळणाचे बारीक सरळ तुकडे पडतात आणि कापलेल्या कडेवर पैलू दिसू शकतात.

गैरसमज ४: मापं फाइलमध्येच असतात, वेगळं सांगायला नको.

वस्तुस्थिती: एसटीएलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं. डीएक्सएफमध्ये लिहायची सोय आहे, पण ती जागा रिकामी राहू शकते, किंवा समोरचं सॉफ्टवेअर तिकडे बघतच नाही. मिलिमीटर इंच समजले गेले की सगळं २५.४ पट: १२० मिमीची पट्टी ३,०४८ मिमी. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी उणीव जास्त महाग पडते. पत्र्याच्या सपाट डीएक्सएफमध्ये सहसा जाडी नसते, धातूही नसतो. समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी एसएस ३१६ हवं असताना ३०४मध्ये कापलेला पत्रा हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून पार्ट नंबर, धातू, जाडी, नग आणि रिव्हिजन मॉडेलमध्ये भरून ठेवावं, आणि स्क्रिप्टनं तिथूनच फाइलचं नाव बनवावं.

गैरसमज ५: मॉडेल अचूक, म्हणजे टॉलरन्सही आपोआप जातो.

वस्तुस्थिती: मॉडेलमधला शाफ्ट बरोबर २५ मिमी असतो. त्याला एच-७ फिट हवा, म्हणजे तो २५.००० ते २४.९७९ यांमध्ये हवा, हे आकारातून कळत नाही. आट्यांचंही तेच. ६.८ मिमीच्या भोकात एम ८चा टॅप मारायचाय, ही सूचना मॉडेलवर नुसती दाखवलेली असते आणि स्टेपमध्ये बहुधा गळून पडते. २०१४मध्ये आलेल्या एपी २४२ या स्टेपच्या प्रकारात टॉलरन्स नेता येतो, पण तो पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरनं लिहायला हवा आणि घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरनं वाचायला हवा. तोवर प्रत्येक स्टेपसोबत ड्रॉइंगची पीडीएफ काढणं, हेही स्क्रिप्टचंच काम समजावं.

गैरसमज ६: बेंडिंगच्या पत्र्याचा फ्लॅट पॅटर्न कॉम्प्युटर बरोबरच काढतो.

वस्तुस्थिती: तो आपण दिलेल्या के-फॅक्टरवरून, म्हणजे बेंडमध्ये पत्रा किती ताणतो हे ठरवणाऱ्या आकड्यावरून काढतो. पत्रा ३ मिमी, आतली त्रिज्या ३ मिमी, बेंड ९० अंश असेल, तर के ०.४४ धरल्यास बेंडला ६.७९ मिमी पत्रा लागतो, ०.३३ धरल्यास ६.२७. एका बेंडला अर्धा मिलिमीटर, चार बेंडांना दोन. बोल्टची भोकं न जुळायला एवढं पुरतं. खरा आकडा वर्कशॉपच्या डाय-पंचवर अवलंबून असतो, म्हणून तो त्यांनाच विचारावा. लेझरची कर्फही (कापताना जाणारी रुंदी) त्यांच्याकडेच भरलेली असते. आपण ड्रॉइंगमध्ये पुन्हा दिली तर ती दुप्पट होते.

गैरसमज ७: स्क्रिप्ट आली, आता तपासणी नको.

वस्तुस्थिती: हातानं काम करणारा एखाद्या फाइलमध्ये चुकतो, स्क्रिप्टमधला नियम चुकला तर प्रत्येक फाइल चुकते. म्हणून धातू किंवा जाडी भरलेली नसेल, तर स्क्रिप्टनं अंदाज न करता थांबावं आणि त्या पार्टचं नाव सांगावं. सुरुवात एकाच पार्टनं करावी: १०० मिमीचा चौकोन, मधे एक भोक, एक बेंड. तो वर्कशॉपमध्ये कापून, वाकवून घ्यावा आणि व्हर्नियरनं मोजावा. माप जुळलं, की तेच नियम लावून अख्खी असेंब्ली पाठवावी.