बीजाची शिदोरी

पावसाळ्यात मोखाड्याच्या सूर्यमाळावर गेलात, तर दरडीवरच्या नेच्याचे एक पान उलटून पाहा. पाठीमागे तपकिरी ठिपके दिसतील. ती कीड नव्हे. ती बीजाणूंची घरे. एका पानातून लाखो बीजाणू वाऱ्यावर उधळतात, पण एकाजवळही पुरेशी शिदोरी नसते. ओल सापडलीच तर त्यातून नखाएवढा, बदामी आकाराचा हिरवा पापुद्रा होतो. त्यावरच नर-मादी पेशी तयार होतात. नरपेशीला पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशी गाठावी लागते, तेव्हा कुठे खरा नेचा जन्मतो. हे कोडे 1851 मध्ये लाइपझिगच्या हॉफमाइस्टरने उलगडले. वडिलांच्या ग्रंथव्यवसायात राबणारा, विद्यापीठाची पायरी न चढलेला हा गृहस्थ! आमच्यासारख्या शाळाबाह्य मंडळींना त्याचा अभिमान वाटल्यास नवल नाही.

बीजाची गोष्ट वेगळी. त्यात अंकुर तयार असतो, जोडीला शिदोरी आणि अंगावर कवच. प्रश्न उरतो तो आईच्या सावलीतून दूर जाण्याचा. सावरीचे बी कापसावर तरंगते, ऐनाच्या फळाला पंख असतात, आघाडा आपल्या धोतराला चिकटतो, करवंदाची बी पाखरे नेतात.

मोहाचे बी मात्र जड आणि नाजूक. पावसाच्या तोंडाशी फळ पिकते, वटवाघळे गर खाऊन बी दूर टाकतात. ते वेळेत मातीला लागले तर ठीक. नागलीसारखे ते वर्षभर कणगीत ठेवता येत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते.

आदिवासींनी फुले वेचून मोह संपवला, असे शहरात सर्रास बोलले जाते. आम्हांला ते मान्य नाही. गळते ती फुलाची मांसल पाकळी. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. चैत्रात पहाटे टोपली घेऊन वाकणारी बाई एकही बी हिरावून घेत नाही. तरीही म्हाताऱ्या मोहाखाली रोपे विरळ दिसतात, याला कारणे आहेत. फुले दिसावीत म्हणून पाचोळा पेटवतात, त्यात कोवळी रोपे जळतात. वाचलेली गुरे खातात. आणि तेलासाठी बिया गोळा होतात, तेव्हा रुजायला फार थोड्या उरतात. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला सारता येतो. पण ते काम दुप्पट, आणि त्याची मजुरी कोणी देत नाही.

शिवाय मोहाला फुलावर यायला दहाएक वर्षे लागतात. तोवर रोप राखायचे, तर ते झाड आपल्याच हाती राहील याची खात्री हवी. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली. ज्या पाड्याच्या हाती तो दावा मंजूर झाल्याचा कागद आहे, तेथे पहिल्या पावसाबरोबर ताजे बी पुरायला सांगणे आम्हांला सोपे जाते.