खेळ आणि संगीत यांसाठी संगणकाची जुळणी : कालमर्यादेचा विचार

खेळ आणि संगीत या दोन्ही प्रयोजनांसाठी सुटे भाग निवडून एकच संगणक जुळवून घ्यावा, अशी इच्छा अनेक विद्यार्थ्यांना असते. ध्वनिमुद्रण व ध्वनिविश्लेषण करणाऱ्या भाषाभ्यासकालाही असा संगणक उपयोगी पडतो. बाजारात मात्र प्रत्येक भागाची थोरवी सुटेपणाने आणि मोठमोठ्या आकड्यांनी सांगितली जाते. परिणामी बेताची रक्कम नको त्या भागावर खर्ची पडते. ही निवड कोणत्या तत्त्वाने करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम या दोन कामांचे स्वरूप पाहू. एखाद्या चित्रफितीचे रूपांतर करण्यास संगणकाला दहा मिनिटांऐवजी बारा मिनिटे लागली, तरी फलितात उणेपणा येत नाही. खेळ व संगीत यांचे तसे नाही. पडद्यावर सेकंदास ६० चित्रे उमटावयाची, तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत सिद्ध झाले पाहिजे. १४४ चित्रे हवी असल्यास ही मुदत ६.९ मिलिसेकंदांवर येते. ध्वनीचे नमुने संगणक गटागटाने हाताळतो. या गटास बफर म्हणतात. सेकंदास ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर असेल, तर त्यावरील सर्व क्रिया ५.३ मिलिसेकंदांत आटोपली पाहिजे. मुदत टळली की चित्र अडखळते आणि ध्वनीत खंड पडून ‘टक्’ असा आवाज येतो. हजार गट वेळेवर निघाले आणि एक चुकला, तरी तो एक कानास खुपतो. तात्पर्य, सरासरी वेग हा येथे निकष नव्हे. अधिकात अधिक विलंब किती होतो, हा निकष होय.

यावर बफर मोठा करावा, असा उपाय सुचेल. त्याने प्रोसेसरला उसंत मिळते हे खरे. परंतु गाणाऱ्यास स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. ध्वनी आत येताना एक व बाहेर जाताना एक असे दोन गट धरले, तर २५६ नमुन्यांस सुमारे १०.७ मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात हवेतील ध्वनी सुमारे ३.७ मीटर अंतर कापतो. बफर १,०२४ नमुन्यांचा केल्यास हेच अंतर १४.६ मीटर भरते, आणि तेवढ्या दूर बसलेल्या तबलजीबरोबर लय सांभाळणे सोपे नाही.

आता भागांकडे वळू. ध्वनीच्या एका पट्टीवर ओळीने लावलेले संस्कार एकामागून एकच करावे लागतात. पहिल्याचे फलित हाती आल्याखेरीज दुसरा सुरू होत नाही. वेगवेगळ्या पट्ट्या प्रोसेसरच्या वेगवेगळ्या गाभ्यांकडे, म्हणजे कोअरकडे, सोपविता येतात. एकच साखळी मात्र सहसा तोडता येत नाही. खेळांतही मुख्य घटनाक्रम बहुधा एका गाभ्यावरच भार टाकतो. म्हणून गाभ्यांच्या संख्येपेक्षा एकेका गाभ्याची चपळाई आधी पाहावी. खेळांना प्रोसेसरमधील कॅश स्मृती मोठी असल्याचाही लाभ होतो. २०२३ मध्ये आलेल्या ‘रायझन ७ ७८०० एक्स ३ डी’ या प्रोसेसरात आठच गाभे आहेत. परंतु तिसऱ्या पातळीची कॅश ९६ मेगाबाइट असल्यामुळे तो खेळांत अधिक गाभ्यांच्या अनेक प्रोसेसरांना मागे टाकतो.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत दोन प्रयोजनांचे मार्ग वेगळे होतात. खेळात चित्राची गुणवत्ता मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असते. ध्वनिसंस्कार करणाऱ्या बहुसंख्य प्रणाली मात्र प्रोसेसरवरच चालतात. ज्याचा खेळ हलका आणि संगीत भारी, त्याने येथे हात आखडता घ्यावा व वाचलेली रक्कम चांगल्या ऑडिओ इंटरफेसकडे वळवावी. विंडोजवर काम करावयाचे असल्यास त्या इंटरफेसचा स्वतःचा ‘अ‍ॅसिओ’ ड्रायव्हर आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे. कमी विलंबाच्या ध्वनिव्यवहारासाठी स्टाइनबर्ग या संस्थेने ही पद्धती सिद्ध केली आहे.

साठवणीविषयी बराच गैरसमज आढळतो. २४ बिटांच्या, ४८,००० नमुन्यांच्या एका स्टीरिओ पट्टीस सेकंदाला २,८८,००० बाइट लागतात. अशा चाळीस पट्ट्या एकदम वाजविल्या तरी मागणी ११.५ मेगाबाइटच होते. साध्या साटा एसएसडीचा वेगही याच्या कितीतरी पट आहे. जुन्या फिरत्या डिस्कची अडचण निराळी होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीत हवा तो भाग समोर येण्यासच सरासरी ४.२ मिलिसेकंद जातात, आणि शीर्षाच्या हालचालीचा वेळ वेगळा. अर्थात एसएसडी हवीच. सर्वांत महाग एसएसडी हवी असे नाही. रॅम मात्र उदारपणे घ्यावी. वाद्यांच्या नमुनासंग्रहांत प्रत्येक स्वराचा आरंभ रॅममध्ये तयार ठेवलेला असतो. १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या ही योग्य सुरुवात होय.

भाग एकेकटे उत्तम असून भागत नाही. वाक्यार्थासाठी आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता व संनिधी या अटी सांगितल्या आहेत. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, पण योग्यता नाही. उपर्युक्त प्रोसेसर आणि डीडीआर ४ जातीची रॅम यांचा संबंध असाच आहे : दोन्ही निर्दोष, तरी एएम ५ जातीच्या मदरबोर्डावर डीडीआर ५ रॅमच बसते. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते का, हाही योग्यतेचाच प्रश्न. विजेचा हिशेबही तसाच करावा. या प्रोसेसरची अंकित उष्णताक्षमता १२० वॉट आणि ‘आरटीएक्स ४०७०’ कार्डाची वीजगरज २०० वॉट, अशी बेरीज ३२० होते. तरी कार्डाचे निर्माते ६५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवितात. भार क्षणभर एकदम उसळतो, त्यासाठी ही राखीव शक्ती असते.

शेवटी पंख्यांविषयी. खेळणाऱ्यास त्यांचा आवाज सहन होतो, ध्वनिमुद्रकास होत नाही. ‘म्हण’, ‘न्हाणे’, ‘कोल्हा’ या शब्दांतील महाप्राणत्वाची क्षीण खूण पंख्याच्या सततच्या सळसळीत बुडून जाते, आणि मागाहून गाळणी लावल्यास सळसळीबरोबर तीही पुसली जाण्याचा धोका असतो. यास्तव १४० मिलिमीटरचे, संथ फिरणारे पंखे व प्रशस्त कॅबिनेट घ्यावे, आणि मायक्रोफोन दूर ठेवावा.

जुळणी पूर्ण झाल्यावर परीक्षाही याच निकषाने करावी. आपले सर्वांत अवजड काम उघडून बफर १२८ नमुन्यांवर आणावा आणि अर्धा तास ऐकावे. खंड पडू लागल्यास नवा प्रोसेसर घेण्यापूर्वी वाय-फाय किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरीत नाही ना, हे तपासावे. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो, आणि तो दूर करण्यास पैसे पडत नाहीत.