जाणत्या नजरेचा दर

बंगळुरूच्या नगरथपेठेत सोन्या-चांदीची गलाई करणाऱ्यांत आम्हा मराठी माणसांची दुकानं बरीच आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी तालुक्यांतून पोरं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ पेठांत भट्ट्या पेटवून बसली. मीही त्यांतलाच. विट्याजवळच्या गावातून काकांच्या दुकानात आलो, इथंच शिकलो, आता स्वतःचं दुकान चालवतो. आमची माणसं कामात पक्की आहेत, पण दर सांगायची वेळ आली की दबतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढणं. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. मुशीत टाकणखार टाकला की मळ वर येतो. मग त्यात चांदी मिसळायची, साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी. असं केलं की तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, चांदी-तांबं विरघळवून टाकतं आणि सोनं मागं राहतं. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. जास्त झाली तर सोन्याची बारीक भुकटी होते आणि धुताना वाहून जायची भीती असते.

यंत्रं आली, तरी माणसाची नजर लागतेच. टंच, म्हणजे शंभर भागांत चोख सोनं किती हे, सांगणारं क्ष-किरण यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. मुलामा जाड असेल तर आकडा फसवा येतो. बांगडीत लाख भरलेली आहे का, सांधे हलक्या टंचाचे आहेत का, हे दागिना हातात घेताच ओळखावं लागतं. 100 ग्रॅमच्या मालात अर्ध्या टंचाची चूक झाली तर अर्धा ग्रॅम सोनं गेलं. 2025 मध्ये सोनं 10 ग्रॅमला लाखावर गेलं. त्या लाखाच्या भावानं ही चूक 5,000 रुपयांची होते.

तरीही गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णा, अर्ध्या तासाचं काम, त्याचे एवढे पैसे?" काम अर्ध्या तासात होतं, कारण कुठं बघायचं हे ठाऊक असतं. नवखा माणूस त्याच मालाला दुपार घालवेल आणि घटही जास्त देईल. नुसत्या वेळेवर दर लावला, तर जो जितका तरबेज त्याला तितके कमी पैसे मिळतील.

माझी पुतणी व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथं नवख्या अभियंत्याच्या तासाचा दर वेगळा, अनुभवी आर्किटेक्टचा वेगळा, आणि दोन्ही ग्राहकाच्या करारात लिहिलेले. कुणी त्यावर नाक मुरडत नाही. आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण बघा. हॉलमार्किंगचं शुल्क दागिन्याच्या वजनावर नसतं, नगावर असतं. पारखणं हे वजनाच्या पलीकडचं काम आहे, हे तिथं मान्य झालेलं आहे.

म्हणून मी दराचे तीन भाग केले. वितळवण्याचा दर वजनावर, कारण त्यात इंधन, तेजाब आणि मजुरी जाते. माल पारखून सल्ला देण्याचा आकार वेगळा, गिऱ्हाईक गलाई करो वा न करो. आणि घट किती येईल हे आधी लिहून देऊन त्यापुढचं नुकसान मी सोसणार असेन, तर त्या जोखमीचा तिसरा. तिन्ही आकडे माल मुशीत जाण्याआधी सांगायचे. काम झाल्यावर सांगितलेला दर कितीही रास्त असला तरी गिऱ्हाइकाला लुबाडल्यासारखा वाटतो.

हा हिशेब शिंप्याला, वायरमनला, अनुवादकालाही लागू आहे. आधी महिन्याचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च मांडावा. मग प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे तास किती, ते मोजावं. माल आणणं, उधारी वसूल करणं, नवं शिकणं यांतही दिवस जातो, पण त्याचं बिल कुणी भरत नाही. खर्चाला त्या तासांनी भागलं की येणाऱ्या दराखाली उतरायचं नाही. त्यावर अनुभवाचं मोल चढवावं.

ते मोल नुसत्या वर्षांवर ठरवू नये. वीस वर्षं एकच काम एकाच पद्धतीनं करणाऱ्याचा अनुभव तेवढ्यापुरताच असतो. तुमच्या निर्णयामुळं समोरच्याचं काय वाचलं, ते दाखवता आलं पाहिजे. माझ्या वहीत प्रत्येक मालाचं आलेलं वजन, सांगितलेला टंच आणि प्रत्यक्ष निघालेलं सोनं लिहिलेलं असतं. दरावरून कुरकुर झाली की मी वही पुढं करतो. काहीजण तरीही स्वस्त दुकान शोधतात. त्यांना मी अडवत नाही आणि त्यांच्यासाठी दरही उतरवत नाही.

गावाकडून पोरं आजही येतात. त्यांना आपण भट्टी शिकवतो, तेजाब शिकवतो, टंच शिकवतो. त्याच्याच जोडीला, स्वतःच्या कामाची किंमत मान वर करून सांगायलाही शिकवलं पाहिजे.