गल्लीची साक्ष
(लेखमाला : गाणे आणि बाजारपेठ, लेखांक ७)

मागील लेखांकात तबकडीच्या आगमनाने मैफलीचे गाणे कसे पालटले, याचा विचार आपण केला. या आठवड्यात, ज्याचे नाव काढताच पुष्कळ जाणत्या रसिकांच्या कपाळावर आठी उमटते, त्या रॅप नावाच्या गायनप्रकाराकडे वळण्याचे मी योजिले आहे. वस्तीतल्या मूठभर श्रोत्यांच्या मान्यतेपासून बाजारपेठेच्या मान्यतेपर्यंतचा जो प्रवास करायला आपल्या गवयांना आयुष्यातली बरीच वर्षे खर्ची घालावी लागली, तोच प्रवास या तरुण कलावंतांनी आपल्या डोळ्यांदेखत पाच-सहा वर्षांत उरकला, आणि म्हणूनच त्यात काय मिळते व काय हातचे जाते, हे येथे अधिक ठळकपणे दिसते.

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा निकाल लागला, तेव्हा अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून जो विजयी ठरला, तो पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत वाढलेला एमसी स्टॅन होता. २०२० साली निघालेला त्याचा ‘तडीपार’ हा गीतसंग्रह ज्यांना पाठ होता, त्या मंडळींनी त्याला फार आधीच आपला मानला होता. पण त्या रात्री ज्या घराघरांतून त्याच्या नावाने मते पडली, त्यांपैकी अनेकांनी त्याचे एकही गाणे पुरते ऐकले नसावे, असे मला वाटते. आपल्या कर्नाटकात याच्याही आधी, जानेवारी २०१८ मध्ये, कन्नड ‘बिग बॉस’चे पाचवे पर्व चंदन शेट्टी या रॅपकारानेच जिंकले होते. रॅपकाराला सर्वसामान्य कुटुंबाच्या दिवाणखान्यात प्रवेश मिळाला तो गाण्याच्या दारातून नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील सहवासाच्या दारातून, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही, त्यांच्यासाठी त्याची घडण थोडक्यात सांगतो. चार मात्रांचे एक आवर्तन आणि अशा सोळा आवर्तनांचा एक खंड, ही त्याची रूढ मोजणी. मिनिटाला नव्वद मात्रांची लय धरली, तर तो खंड सुमारे त्रेचाळीस सेकंदांत संपतो, आणि तेवढ्या अवकाशात कवीला आपले नाव, आपला पत्ता, आपली कैफियत आणि प्रतिस्पर्ध्याला द्यायचे उत्तर, हे सारे यमकांच्या साखळीत बसवावे लागते. वाद्य हाताशी नसेल तर एकजण तोंडानेच ठेका धरतो, बाकीचे भोवती रिंगण करतात आणि पाळीपाळीने एकेकजण पुढे येतो. या रिंगणाला ते ‘सायफर’ म्हणतात. धारवाड, बेळगाव, विजापूर या मुलखातल्या वाचकांना यात परके वाटण्यासारखे काही नाही. डफ-तुणतुण्याच्या साथीने, एका पक्षाने शिवाची व दुसऱ्याने शक्तीची बाजू घेऊन रात्रभर सवाल-जवाब करणारी आपल्याकडची हरदेशी-नागेशीची गीगी पदे आणि मराठी शाहिरांचा कलगी-तुरा यांची जातकुळी तीच आहे. तेथेही समोर बसलेला शेतकरी हा निव्वळ श्रोता नसे. पुराणातला दाखला चुकला तर तो जागच्या जागी हटकणारा पंचही तोच असे.

रॅपच्या बाबतीत हे पंचपद वस्तीकडे होते, आणि माझ्या प्रतिपादनाचा सारा भार मी यावर ठेवतो. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजेच नेझीने, २०१४ च्या आरंभी ‘आफत’ हे गाणे लोकांपुढे आणले, तेव्हा त्याच्यापाशी ध्वनिमुद्रणशाळा नव्हती. होता तो एक आयपॅड. त्यातच ठेका उतरवून घेतलेला, त्यालाच ध्वनिग्राहक जोडून आवाज भरलेला, आणि त्याच्याच कॅमेऱ्याने वस्तीत हिंडून चित्रण केलेले. अंधेरीच्या जे. बी. नगरातला विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, प्रथम इंग्रजीत रचना करीत असे. तो मुंबईच्या बोलीकडे वळला आणि २०१३ च्या ‘ये मेरा बॉम्बे’ने त्याचे नाव झाले. आपल्या टपाल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे, एकाने ‘सत्तर’ आणि दुसऱ्याने ‘एकोणसाठ’, ही मुले बिरुदासारखी मिरवीत. याचा अर्थ असा, की गाण्यात जे सांगितले ते खरे की खोटे, हे तपासायला जाण्याचा पत्ता गाण्यातच नोंदलेला असे. पोलिसांनी अडवल्याचे वर्णन केले, तर त्या रात्री नाक्यावर कोण कोण होते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. गरिबीची बढाई मारली, तर शेजारी हसत. त्या श्रोत्यांची संख्या अल्प होती, पण त्यांची मान्यता ही पारखून दिलेली मान्यता होती.

बाजारपेठेने जे विकत घेतले, ते मुख्यतः हेच. २०१५ साली या दोघांचे ‘मेरे गली में’ सोनी कंपनीने प्रसिद्ध केले आणि १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, त्यांच्या जीवनापासून स्फूर्ती घेतलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ देशभर झळकला. चित्रपटाने पुढच्या वर्षी तेरा फिल्मफेअर पारितोषिके मिळवली आणि भारतातर्फे तो ऑस्करच्या स्पर्धेसाठीही धाडला गेला. जी गल्ली आजवर गाण्याची साक्षीदार होती, ती आता गाण्याचा माल झाली. मालाला साक्ष देता येत नाही. रणवीर सिंहच्या तोंडून तेच शब्द ऐकणाऱ्या नागपूरच्या किंवा हुबळीच्या प्रेक्षकाला कुर्ल्याच्या नाक्यावर जाऊन खातरजमा करण्याचे कारण नव्हते आणि सोयही नव्हती; त्याने ते विश्वासाने घेतले, आवडीने घेतले, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही.

या प्रकाराच्या जन्मभूमीतही असेच घडले होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या, तो दिवस हिपहॉपचा प्रारंभ मानला जातो. मात्र व्यापारी यश मिळवणारे पहिले मोठे गाणे, १९७९ चे ‘रॅपर्स डिलाइट’, त्या वर्तुळाबाहेरच्या तीन तरुणांना एकत्र करून एका कंपनीने घडवले, आणि त्यांपैकी एकाने ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या रचनाकाराची कवने जशीच्या तशी म्हटली, ती इतकी, की कॅझने आपल्या टोपणनावाची अक्षरे गुंफून केलेली ओळसुद्धा बदलली नाही. ब्रॉन्क्सच्या रिंगणात हे एक क्षणही चालले नसते. बाजारात मात्र लक्षावधी लोकांनी ते गाणे आनंदाने विकत घेतले, आणि ज्याचे शब्द होते त्याच्या पदरी काही पडले नाही.

पैसा मिळवला म्हणून कलावंत भ्रष्ट झाला, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्या घरांत महिनाअखेर भाड्याची विवंचना असते, त्या घरातल्या मुलाने आपल्या शब्दांचा मेहनताना मागितला, तर तो त्याचा हक्कच आहे, आणि त्याला निःस्पृहतेचे पाठ देणे पोट भरलेल्यांना शोभत नाही. माझी चिंता निराळी आहे. मोठा श्रोतृसमुदाय कलावंताला डोक्यावर घेऊ शकतो किंवा झिडकारू शकतो. ‘हे तू चुकीचे सांगितलेस’ असे त्याला सांगू शकत नाही. विजयानंतर एकाच महिन्याने, मार्च २०२३ मध्ये, स्टॅनचा इंदूरचा कार्यक्रम त्याच्या गाण्यांतील शिवराळपणावर आक्षेप घेणाऱ्या एका संघटनेने बंद पाडला. तो आक्षेप भाषेच्या मर्यादेविषयी होता, खरेखोटेपणाविषयी नव्हता. आणि समोर टाळ्या पिटणारे होते, त्यांनाही खरेखोटे ठाऊक नव्हते.

येथे आपल्या हुबळी-धारवाडचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या तबकड्या १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी ‘गांधारी’ या नावाने निघाल्या आणि त्यांवर हुबळीचा उल्लेख असे. म्हणजे गावाचे नाव मालावर छापण्याची वहिवाट ‘गली बॉय’हून पुष्कळ जुनी आहे. सव्वातीन-साडेतीन मिनिटांच्या त्या बाजूंनी त्यांचा आवाज दूरदूर पोहोचवला, आणि एवढ्यावर त्यांना सुखाने थांबता आले असते. पण सवाई गंधर्व कुंदगोळला येऊन राहिल्यावर, तबकड्यांवर नाव असलेली ही गायिका हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊ लागली, आणि एकेक पलटा त्यांच्यासमोर घोटू लागली. संध्याकाळी तिला स्टेशनवर पोहोचवायला जाणारा भीमसेन जोशी नावाचा पोरसवदा शिष्य वाटेत तिला ‘आज काय शिकलात’ म्हणून विचारीत असे.

मल्लिकार्जुन मन्सूरांचा मार्गही असाच. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकून त्यांनी ग्वाल्हेर गायकी आत्मसात केली होती, एच. एम. व्ही.ने काढलेल्या त्यांच्या तबकड्या लोकप्रिय होत्या. तरीही १९३५ च्या सुमारास, वयाच्या पंचविशीत, ते अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसले, आणि १९३७ साली मंजीखाँ वारले तेव्हा भुर्जीखाँकडे गेले. ज्या गाण्यावर श्रोते तृप्त होते, तेच गाणे अपुरे आहे असे सांगणारा माणूस त्यांनी स्वतः होऊन शोधला. बाजाराने दिलेली कीर्ती त्यांनी नाकारली नाही. तिला निवाड्याचा अधिकार तेवढा दिला नाही.

रॅपमध्ये गंडाबंधन नाही, घराणी नाहीत, आणि रिंगण सोडून आलेल्याला परत त्या रिंगणात उभे राहणे कठीण होते, कारण आता भोवतालचे लोक त्याला ऐकायला नव्हे, त्याच्यासोबत छायाचित्र काढायला येतात. डिव्हाइनने २०१९ मध्ये ‘गली गँग’ ही स्वतःची संस्था उभारून नव्या मुलांना जवळ केले. नेझी मध्यंतरी काही काळ गाण्यापासून दूर राहिला आणि २०२४ साली ‘बिग बॉस’च्या ओटीटी आवृत्तीत उपविजेता म्हणून पुन्हा लोकांसमोर आला. यांपैकी कोणती वाट त्यांच्या गाण्याला मानवेल, हे त्यांच्या पुढल्या रचनाच ठरवतील.

मला स्वतःला अधिक आशा वाटते ती मुंबईच्या ‘स्वदेसी’ या चमूच्या एका कृतीमुळे. आरेच्या जंगलातील झाडे आणि तेथले पाडे यांविषयी त्यांनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, तेव्हा मराठीत रॅप करणाऱ्या एमसी मवालीने त्या लोकांचे दुःख आपल्या एकट्याच्या तोंडी घेतले नाही. आरेतच राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना त्याच गाण्यात सोबत गायला उभे केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा ते गाणे ऐकलेल्या कोणालाही तेथे कोण राहते, हे नव्याने विचारावे लागले नाही.

कंपन्यांच्या करारनाम्यांतील कलमे, आणि २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकाराला मिळालेला मानधनाचा वाटा, हा स्वतंत्र विषय असल्याने तो पुढील लेखांकात घेऊ.