झेरॉक्स न निघणारी गोष्ट

मराठीत काही शब्द असे मुरले आहेत की ते परके वाटतच नाहीत. 'झेरॉक्स' हा त्यातलाच एक. तहसील कचेरीसमोर, कोर्टाच्या आवारात, कॉलेजच्या फाटकाशी आपण सहज म्हणतो, "जरा याची झेरॉक्स काढून द्या." मुळात ते एका अमेरिकन कंपनीचं नाव. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडं. ओल्या रसायनांशिवाय, कोरड्या भुकटीनं नक्कल काढायची, म्हणून हे नाव. चेस्टर कार्लसन या गृहस्थानं अशी पहिली प्रत न्यूयॉर्क शहरात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी काढली. त्यानंतर तो कित्येक कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिला. कचेरीत सहज वापरता येईल असं '९१४' नावाचं यंत्र आलं ते १९५९ साली. कल्पना सुचणं आणि तिचं यंत्र होणं, यांत २१ वर्षं गेली.

कंपन्यांमध्ये आजकाल 'नवनिर्मितीचं व्यवस्थापन', 'ज्ञानाचं व्यवस्थापन' असे भारदस्त शब्द ऐकू येतात. या शब्दांमागचा प्रश्न मात्र साधा आहे. कंपनीत जे लोक काम करतात, त्यांना जे कळलेलं असतं, ते एकाकडून दुसऱ्याकडे कसं पोचवायचं? आणि एखाद्याला नवं काही सुचलं, तर ते वाया जाऊ नये म्हणून काय करायचं? गंमत अशी की या प्रश्नाचे बरेचसे धडे जगाला मिळाले ते नकला काढणाऱ्या याच कंपनीकडून.

पहिला धडा फसलेल्या गोष्टीचा. १९७० साली झेरॉक्सनं कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो या गावी एक संशोधन केंद्र काढलं. कंपनीचा मुख्य कारभार हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. पालो आल्टोत हुशार माणसं गोळा केली आणि त्यांना मोकळीक दिली. १९७३ पर्यंत त्यांनी 'ऑल्टो' नावाचा संगणक तयार केला. त्याला माऊस होता, पडद्यावर खिडक्या उघडत होत्या, चित्रं दिसत होती. एका संगणकाला दुसरा तारेनं जोडण्याची 'इथरनेट' ही पद्धतही तिथलीच. लेझर प्रिंटरही तिथंच आकाराला आला.

पण यातलं झेरॉक्सला स्वतःला नीट विकता आलं ते मुख्यतः लेझर प्रिंटर. १९७७ साली तो बाजारात आला आणि कंपनीनं त्यावर चांगला पैसा मिळवला. कारण उघड आहे. लेझर प्रिंटर हा नकला काढणाऱ्या यंत्राचा सख्खा भाऊ. कागद, भुकटी, ढोल सगळं ओळखीचं. कारभाऱ्यांना तो पाहताक्षणी कळला. ऑल्टोचं तसं नव्हतं. प्रत्येक माणसाच्या टेबलावर एक संगणक असेल, ही गोष्ट कागदाच्या धंद्यात वाढलेल्या माणसांच्या गळी उतरेना. डिसेंबर १९७९ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे सहकारी केंद्र पाहायला आले. त्यांना दाखवलेलं तत्काळ समजलं, कारण तेही तेच काम करत होते. १९८१ साली झेरॉक्सनं स्वतःचा 'स्टार' हा संगणक आणला, तो महाग होता आणि फारसा खपला नाही. १९८४ साली ॲपलचा 'मॅकिन्टॉश' आला आणि माऊस घरोघरी जायची सुरुवात झाली. याला चोरी म्हणायची पद्धत आहे. पण ॲपलचे शेअर घ्यायला मिळावेत म्हणून झेरॉक्सनंच दार उघडलं होतं.

यातून काय दिसतं? ज्ञान हे मालकीच्या भिंती पाहून वाहत नाही, कामाचा उतार पाहून वाहतं. एकाच छपराखालच्या कारभाऱ्याला जे कळलं नाही, ते परक्या कंपनीतल्या समव्यवसायी माणसाला दोन भेटींत कळलं. म्हणून नुसतं संशोधन केंद्र बांधून भागत नाही. संशोधन करणारा, वस्तू बनवणारा आणि विकणारा यांना एकमेकांची भाषा यावी लागते. पुढे एप्रिल २०२३ मध्ये झेरॉक्सनं हे केंद्र 'एसआरआय इंटरनॅशनल' या संशोधन संस्थेला देणगी म्हणून देऊन टाकलं.

दुसरा धडा मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात सूट-बूटवाले नाहीत, हात काळे करणारी माणसं आहेत. याच केंद्रात ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. हे शास्त्रज्ञ सहसा जंगलातल्या जमातींत जाऊन राहतात. ऑर गेले ते झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या जमातीत. १९८० च्या दशकात ते त्यांच्याबरोबर हिंडले, जेवले, गिऱ्हाइकांकडे गेले. १९९६ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं.

कंपनीनं दुरुस्तीवाल्यांना जाडजूड पुस्तकं दिली होती. यंत्राच्या पडद्यावर अमुक आकडा दिसला की तमुक भाग तपासायचा, असा सगळा हिशेब. कागदावर काम सोपं होतं. प्रत्यक्षात आकडा एकीकडे बोट दाखवी आणि बिघाड दुसरीकडेच असे. एक यंत्र दुसऱ्यासारखं वागत नसे. कुठे वापरणाऱ्यांचीच रीत चुकत असे. अशा वेळी हे लोक पुस्तक मिटून एकमेकांना गोष्टी सांगत. "मागे एका यंत्रानं मला असंच छळलं होतं," इथून सुरुवात होई. दुसरा त्यात भर घाली. बोलता बोलता बिघाडाचा माग लागे. वरून पाहणाऱ्याला वाटावं, ही मंडळी नाश्त्याच्या टेबलावर गप्पा झोडताहेत. ऑर यांनी दाखवलं, की ती गप्पांची वेळ हाच कामाचा गाभा होता.

कंपनीनं मग दुरुस्तीवाल्यांना एकमेकांशी सतत बोलता येईल असे रेडिओ देऊन पाहिले. त्यांचा उपयोग झाला. पण रेडिओची मर्यादा आपल्यापेक्षा कोणाला अधिक ठाऊक असणार? बोललेलं हवेत विरून जातं. त्या वेळी ऐकत नव्हता, त्याला ते मिळत नाही. म्हणून १९९० च्या दशकात आधी फ्रान्समध्ये आणि मग इतर देशांत 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. एखाद्याला बिघाडावर नवा उपाय सापडला की त्यानं तो लिहायचा, जाणत्या सहकाऱ्यांनी तो पारखायचा आणि खरा ठरला तर सर्वांसाठी खुला करायचा. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या माणसानं लिहिलेल्या उपायामुळे ब्राझीलमधलं हजारो डॉलरचं यंत्र बदलण्याची वेळ टळली. दोष एका क्षुल्लक किमतीच्या भागात होता.

या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. उपाय लिहिणाऱ्याला पैसे द्यावेत का, याचा विचार झाला होता. दुरुस्तीवाल्यांना त्याची ओढ नव्हती. प्रत्येक उपायाखाली तो शोधणाऱ्याचं नाव असावं, हे त्यांना हवं होतं आणि तसंच झालं. पैशासाठी माणूस दहा उपाय खरडेल. नावासाठी एकच लिहील, पण तो खोटा निघणार नाही याची काळजी घेईल.

तरीही सगळंच लिहून ठेवता येतं असं नाही. हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली या बाबीकडे लक्ष वेधलं होतं. आपल्याला जे येतं, त्यातलं पुष्कळसं शब्दांत सांगता येत नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीला १९८० च्या दशकात हा अनुभव आला. घरगुती पाव बनवायचं यंत्र तयार करताना कणीक नीट मळली जाईना. तेव्हा इकुको तानाका या कंपनीत काम करणाऱ्या बाईंनी ओसाकातल्या एका हॉटेलच्या नामांकित पाववाल्याकडे उमेदवारी केली. त्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी पाहिलं, की तो कणीक ओढताना तिला एक पीळ देतो. ते त्याला स्वतःला सांगता आलं नव्हतं. त्यांनी अभियंत्यांना ते समजावलं, यंत्रात तसा बदल झाला आणि १९८७ साली ते बाजारात आलं. गाण्यात आपण याला तालीम म्हणतो. वही घेऊन कोणी ख्याल शिकत नाही. उस्तादासमोर बसावं लागतं.

आता हा प्रश्न नव्या वळणावर आला आहे. २०२३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्राहकांच्या अडचणी सोडवणाऱ्या सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांचं काम त्यात तपासलं होतं. त्यांतल्या काहींना मदतीला कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन दिलं होतं आणि ते साधन जुन्या संभाषणांवरून शिकलेलं होतं. सरासरी काम १४ टक्क्यांनी वाढलं. नवख्यांचं ३४ टक्क्यांनी वाढलं आणि कसलेल्यांचं जेमतेमच. म्हणजे कसलेल्या माणसांचं शहाणपण यंत्रामार्फत नवख्यांपर्यंत पोचलं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कसलेल्याच्या वाट्याला काय आलं? युरेकात उपायाखाली नाव होतं. इथे हजारो माणसांचं बोलणं एकत्र वाटलं जातं आणि कोणाचंच नाव उरत नाही.

उद्या एखाद्या हुशार दुरुस्तीवाल्यानं म्हटलं, "मी सापडलेला उपाय सांगितला तर मालकाला माझी गरजच उरणार नाही," तर त्याला आपल्याकडे काय उत्तर आहे? असं वाटू लागलं की माणसं गप्प बसतात. आणि माणसं गप्प बसली की कितीही मोठा संगणक घेतला, तरी त्यात भरायला नवं काही राहत नाही. कालच्याच उत्तरांची झेरॉक्स निघत राहते.

म्हणून जी कंपनी आपल्या माणसांना गप्पांना वेळ देते, नवख्याला जाणत्याच्या शेजारी बसवते, ज्यानं शोधलं त्याचं नाव लावते आणि सांगितल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही असा भरवसा देते, तिथे ज्ञान टिकतं आणि वाढतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी स्वस्त आहेत. चौथी महाग आहे, आणि तिच्याशिवाय पहिल्या तीन फार दिवस चालत नाहीत. इतकं सांगून मी थांबतो.