कॅरव्हॅनमधील सुवाह्य जलपात्रे
कॅरव्हॅनमधील सुवाह्य जलपात्रे : मोटारगाडीच्या मागे जोडून ओढत न्यावयाच्या व आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला म्हणजे कॅरव्हॅनला मुक्कामाच्या जागी पाणी पुरविण्यासाठी, तसेच तिच्यातील सांडपाणी साठवून विल्हेवाटीच्या जागी नेण्यासाठी वापरण्यात येणारी हलविता येण्याजोगी पात्रे. शुद्ध पाण्याचे पात्र, सांडपाण्याचे पात्र, पंप, रबरी वा प्लॅस्टिकची नळी आणि गाडीतील नळजोडणी यांची मिळून एक लहानशी पाणीपुरवठा योजनाच तयार होते. नगरातील पाणीपुरवठ्यात शुद्धीकरण, साठवण, वितरण व निचरा ही कामे वेगवेगळ्या यंत्रणा पार पाडतात. येथे ती सर्व प्रवाशालाच करावी लागतात. त्यामुळे पात्रांची मांडणी व स्वच्छता यांवर प्रवाशांचे आरोग्य प्रत्यक्षपणे अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : प्रवासात पाणी बरोबर नेण्याची गरज प्राचीन आहे. भारतात कातड्याच्या पखाली बैलांच्या वा रेड्यांच्या पाठीवर लादून नेत. लहान प्रमाणावर मशक वापरीत. जाड कापडाची छागळ बैलगाडीला आणि पुढे मोटारगाडीलाही टांगण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ होती. कापडातून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन आतील पाणी गार राही. मात्र अशा साधनांतून पाणी सतत झिरपत असल्याने मोठ्या साठ्यासाठी ती सोयीची नव्हती.

केवळ सहलीसाठी राहती गाडी वापरण्याची प्रथा ब्रिटनमध्ये वाढीस लागली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने १८८५ मध्ये ‘वाँडरर’ ही ब्रिस्टल येथे बांधवून घेतलेली, घोड्यांनी ओढली जाणारी गाडी घेऊन इंग्लंड व स्कॉटलंडमधून प्रवास केला. १९०७ मध्ये तेथे कॅरव्हॅन क्लबची स्थापना झाली. १९१९ पासून बर्मिंगहॅममधील एक्लिस या कंपनीने मोटारगाडीमागे जोडावयाच्या गाड्या बनविण्यास प्रारंभ केला. जर्मनीत १९३७ च्या सुमारास बनविण्यात आलेला २० लि. धारणाशक्तीचा पोलादी डबा ‘जेरीकॅन’ या नावाने दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर प्रसार पावला. इंधनाप्रमाणेच पाण्यासाठीही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १९३३ मध्ये शोध लागलेल्या पॉलिएथिलिनाचे उत्पादन पुढे स्वस्त झाल्यावर हलकी, न गंजणारी व धुण्यास सोपी प्लॅस्टिक पात्रे धातूच्या डब्यांची जागा घेऊ लागली.

शुद्ध पाण्याचे पात्र : ब्रिटनमध्ये सर्वाधिक आढळणारे पात्र आडव्या पिंपासारखे दंडगोलाकार असते. त्याच्या दोन्ही टोकांना अडकविता येणारी लांब मूठ धरून ते जमिनीवरून लोळवीत नेतात. त्याची नेहमीची धारणाशक्ती सु. ४० लि. असते. १ लि. पाण्याचे वजन १ किग्रॅ. असल्यामुळे भरलेल्या पात्राचे वजन ४० किग्रॅ. हून अधिक होते. असे ओझे उचलून नेणे पुष्कळांना शक्य नसते. लोळविताना मात्र ते जमिनीवरच पेलले जाते व फक्त गती देण्यापुरते बल लावावे लागते. हेच तत्त्व १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘हिप्पो रोलर’ या ९० लि. धारणाशक्तीच्या पिंपात योजलेले आहे. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचे कष्ट कमी करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

पात्र अन्नपदार्थांस योग्य अशा प्रतीच्या प्लॅस्टिकचे असावे. पूर्वी रसायने, तेल वा इंधन साठविलेले पात्र कितीही धुतले, तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. तोंड हात आत जाईल इतके रुंद असल्यास आतील बाजू घासून धुता येते. पारदर्शक पात्रात प्रकाश शिरून शैवले वाढतात, म्हणून अपारदर्शक पात्र अधिक चांगले. ते सावलीत ठेवणे वा त्यावर आच्छादन घालणे हितावह असते.

साठ्याचा अंदाज वापरावरून बांधतात. तुषारस्नानाचा प्रवाह मिनिटाला ५ लि. धरल्यास तीन मिनिटांच्या स्नानास १५ लि. पाणी लागते, म्हणजे दोन जणांच्या स्नानातच ४० लि. च्या पात्रातील तीन चतुर्थांश पाणी संपते. त्यामुळे कुटुंबासाठी दोन पात्रे ठेवून एक वापरात असताना दुसरे भरून आणण्याची पद्धत सोयीची ठरते.

पंप व जोडणी : पात्र गाडीबाहेर जमिनीवर असते व नळ त्याहून उंचावर असतात, त्यामुळे पाणी पंपाने चढवावे लागते. सामान्यतः १२ व्होल्ट विद्युत् घटमालेवर चालणारा लहान निमज्जनी पंप नळीच्या टोकाला बसवून पात्रात सोडतात. हा केंद्रोत्सारी प्रकारचा असल्याने त्यात हवा अडकली, तर चक्र फिरत असूनही पाणी चढत नाही. म्हणून पंप पाण्यात बुडविल्यावर नळी हलवून बुडबुडे बाहेर काढतात. पात्र रिकामे झाल्यावर पंप कोरडा चालत राहिल्यास तो तापून निकामी होतो. काही गाड्यांत पंप आतच बसविलेला असतो. तो पटल प्रकारचा असून स्वतःच हवा ओढून पाणी खेचू शकतो.

पंप सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक नळात सूक्ष्म स्विच असतो व नळ उघडताच मंडल पूर्ण होते. दुसरीत दाब-स्विच असतो. नळ उघडल्यावर नळ्यांतील दाब उतरतो व पंप चालू होतो. या दुसऱ्या पद्धतीत सर्व नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर कोठेतरी गळती आहे किंवा एकदिशा झडप नीट बसत नाही, असे समजावे.

पात्राच्या झाकणाला हवा आत येण्यास छिद्र असावे लागते. ते नसल्यास पाणी उपसले जाताना आत अंशतः निर्वात निर्माण होऊन प्रवाह मंदावतो. नळी कोठेही पिळलेली वा दुमडलेली नसावी. मुक्कामाच्या जागी सार्वजनिक नळ जवळ असेल, तर त्याची नळी थेट गाडीला न जोडता पात्राला जोडून तेथे तरंगती झडप बसवितात. पातळी वर आली की झडप मिटते. सार्वजनिक नळाचा दाब गाडीतील नळ्या व सांधे यांना पेलण्याजोगा असेलच असे नाही; पात्र मध्ये ठेवल्याने तो दाब गाडीपर्यंत पोहोचत नाही. थेट जोडणी करावयाची झाल्यास दाबनियंत्रक आवश्यक असतो.

सांडपाण्याचे पात्र : मोरी व न्हाणीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने बाहेर पडते, म्हणून त्याचे पात्र निर्गम नळीपेक्षा खाली राहिले पाहिजे. गाडीखालील जागा मर्यादित असल्यामुळे हे पात्र बुटके, पसरट व बहुधा चाकांचे असते. त्याची धारणाशक्ती शुद्ध पाण्याच्या पात्राएवढी असल्यास हिशोब सोपा जातो : एक रिकामे झाले की दुसरे भरत आलेले असते. नळीला सर्वत्र उतार द्यावा. मध्ये झोळ पडल्यास पाणी साचून दुर्गंधी येते. सांडपाणी जमिनीवर वा ओढ्यात न सोडता मुक्कामस्थळी नेमून दिलेल्या जागीच ओतावे लागते. शौचालयाची मलपेटी निराळी असून तिची विल्हेवाट स्वतंत्र ठिकाणी करतात.

मांडणीचा क्रम : प्रथम गाडी समपातळीत आणून तिला टेकू देतात. नंतर सांडपाण्याचे पात्र लावतात; अन्यथा पहिल्याच वापराचे पाणी जमिनीवर पडते. त्यानंतर शुद्ध पाण्याचे पात्र धुऊन भरतात व पंप जोडतात. बंबाची (तापकाची) निचरा-झडप मिटवून गरम पाण्याचा नळ उघडतात आणि हवा निघून जाऊन अखंड धार येईपर्यंत पंप चालू ठेवतात. या गाड्यांतील बंबांत बहुधा सु. १० लि. पाणी मावते, त्यामुळे धार येण्यास थोडा वेळ लागतो. बंब भरल्याची खात्री झाल्यावरच तो पेटवावा. निघताना पात्रे रिकामी करतात. भरलेले पात्र गाडीत ठेवल्यास वजन वाढते, त्याचा समतोल बिघडू शकतो आणि वळणावर पाणी हिंदकळून ओढणाऱ्या मोटारीवर अनिष्ट बल पडते.

आरोग्य व स्वच्छता : नळाचे पाणी शुद्ध असले, तरी ते पात्रात तसेच राहील याची हमी नसते. मलपेटी धुण्याच्या नळावर पात्र भरणे, भरण्याची नळी जमिनीवर लोळू देणे आणि शुद्ध व सांडपाण्याच्या नळ्यांची अदलाबदल होणे ही दूषिततेची प्रमुख कारणे होत. दोन्ही नळ्या वेगळ्या रंगांच्या ठेवल्यास चूक टळते. साठलेल्या पाण्यातील क्लोरीन हळूहळू नाहीसा होतो. उष्ण हवेत हे अधिक जलद घडते. नंतर नळ्यांच्या आत सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर जमतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील साथीनंतर ओळखला गेलेला लीजिओनेला हा सूक्ष्मजंतू २०° ते ४५° से. तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो व तुषारांवाटे फुप्फुसांत शिरून गंभीर न्यूमोनिया उत्पन्न करू शकतो. म्हणून काही दिवस न वापरलेल्या गाडीतील तुषारस्नानाची तोटी काढून प्रथम पाणी वाहू देतात व बंबातील पाणी ६०° से. किंवा त्याहून अधिक तापवितात.

हंगामाच्या प्रारंभी संपूर्ण यंत्रणेचे निर्जंतुकीकरण करतात. त्यासाठी १ लि. पाण्यात ५० मिग्रॅ. क्लोरीन हे प्रमाण योजतात. ४० लि. पाण्याला २ ग्रॅ. क्लोरीन लागतो. सोडियम हायपोक्लोराइटाच्या ५% विद्रावाच्या १ लि. मध्ये तो सु. ५० ग्रॅ. असल्याने असा ४० मिलि. विद्राव पुरतो. हे पाणी सर्व नळांपर्यंत खेळवून तासभर राहू देतात आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुतात. ते पिण्यास वापरू नये. चुनखडीचा थर काढण्यासाठी वापरावयाचे अम्ल हायपोक्लोराइटात कधीही मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. गाळणीने गढूळपणा व वास कमी होतो, परंतु सर्वच गाळण्या जंतुनाशक नसतात. पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळून प्यावे.

हिवाळ्यातील दक्षता : पाणी गोठताना त्याचे घनफळ सु. ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाणी राहिलेल्या नळ्या, पंप व बंब फुटतात. थंड प्रदेशांत हंगाम संपल्यावर सर्व नळ व निचरा-झडपा उघड्या ठेवून यंत्रणा रिकामी करतात आणि पात्रे धुऊन, वाळवून, झाकण काढून ठेवतात. काही बंबांना गोठणबिंदूच्या जवळ आपोआप उघडणारी झडप असते.

भारतातील स्थिती : भारतात ओढीव गाड्यांपेक्षा एंजिनासह असलेली राहती मोटारगाडी अधिक आढळते व तिच्यात बहुधा पक्की टाकी असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. येथील हवामानात गोठण्याचा धोका बहुतेक ठिकाणी नसला, तरी उन्हाळ्यातील तापमानामुळे साठविलेले पाणी लवकर दूषित होऊ शकते. त्यामुळे टाकी पक्की असली, तरी पिण्याचे पाणी निराळ्या लहान पात्रात घेणे, ते रोज बदलणे व पात्र सावलीत ठेवणे हे नियम येथे विशेष महत्त्वाचे ठरतात.