मेंदूतील पाणी आणि शंटचा निर्णय

उतारवयात पावले जमिनीला चिकटल्यासारखी ओढत पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विचार मंदावणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली आणि स्कॅनमध्ये मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या रुंदावलेल्या आढळल्या, की ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस’ या विकाराची शंका घेतली जाते. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती खेळणारा हा द्रव शरीरात रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. या विकारात तो पोकळ्यांत साचत असूनही पाठीतून मोजलेला दाब मात्र बहुधा सामान्यच भरतो, आणि विकाराचे नाव याच विसंगतीवरून पडले. कोलंबियातील बोगोटा येथील मेंदूशल्यविशारद सालोमोन हाकिम यांना 1957 मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका मुलात तो प्रथम जाणवला आणि 1965 मध्ये रेमंड अ‍ॅडम्स व इतरांसह त्यांनी तो वैद्यकविश्वापुढे मांडला.

साचलेला द्रव मेंदूतून बारीक नळीने त्वचेखालून पोटात नेऊन सोडणे, म्हणजे शंट बसवणे, हा यावरचा उपचार आहे. स्मृतिभ्रंशाचा हा एक प्रकार शस्त्रक्रियेने सुधारू शकतो, ही आशा मोठी असली, तरी ती पूर्ण होईल असा रुग्ण ओळखणे अवघड आहे. तिन्ही लक्षणे वृद्धांत इतर कारणांनीही सर्रास आढळतात: चाल कंपवाताने किंवा मणक्यातील नलिका अरुंद झाल्याने बिघडते, लघवीची तक्रार प्रोस्टेटमुळे होते, आणि मेंदू आक्रसला तरी पोकळ्या मोठ्या दिसतात. त्यातच अल्झायमरही सोबत असू शकतो. पोकळ्या रुंदावणे हीच मेंदूच्या ऱ्हासाची सुरुवात असावी, असे मानणारे मज्जाविकारतज्ज्ञही आहेत.

चाचणी म्हणून पाठीतून 30 ते 50 मिलिलिटर पाणी काढून रुग्णाला चालवून पाहतात. चाल सुधारली तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. न सुधारली तर मात्र उपयोग होणारच नाही, असे म्हणता येत नाही, आणि डॉक्टरांची खरी पंचाईत इथेच होते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर रुग्ण उमेदीनेही बरा चालू शकतो, त्यामुळे श्रेय नळीचे की अपेक्षेचे, हा प्रश्न अनेक दशके रेंगाळला.

2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 99 रुग्णांवरील एका चाचणीने त्याला बऱ्यापैकी उत्तर दिले. त्यात सर्वांनाच शंट बसवला, पण निम्म्या रुग्णांच्या शंटमधील, द्रवाचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप बाहेरून चुंबकीय साधनाने जवळजवळ बंद ठेवली. कोणाची झडप कशी आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनी झडप उघडी असलेल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.2 मीटरने वाढला आणि त्यांचे पडणेही कमी झाले, तर दुसऱ्या गटाचा वेग जवळपास तसाच राहिला. विचारशक्ती आणि लघवी यांबाबत मात्र ठळक फरक आढळला नाही, आणि मेंदूवरील आवरणाखाली रक्तस्राव होण्याचे प्रमाण उघड्या झडपेच्या गटात अधिक होते. हे सर्व रुग्ण पाणी काढल्यावर सुधारलेलेच होते, त्यामुळे ज्यांची चाल पाणी काढूनही सुधारत नाही, त्यांच्याबाबतचा प्रश्न या अभ्यासानंतरही तसाच आहे. कुटुंबीयांची अपेक्षा बहुधा स्मृती परत येण्याची असते. शल्यविशारदाला पुराव्याच्या आधारे आज बोलता येते ते मुख्यतः पावलांविषयी.